लकवा की मल्टिपल स्क्लेरोसिस : किशोरवयातील एक निदान

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत 'लकवा मारला' म्हणतात. साताऱ्याकडून आलेले पाहुणे त्याच गोष्टीला 'अंगावरून वारे गेले' म्हणतात. वडोद्याचे नातेवाईक 'लकवो' म्हणतात, हैदराबादकडचे 'फालिज', आणि बेळगावच्या बाजूचे लोक कन्नडच्या संगतीने 'पार्श्ववायू'. कागदोपत्री 'पक्षाघात' आणि 'अर्धांगवायू' हे आयुर्वेदातून आलेले शब्द चालतात. मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांचा डॉक्टर म्हणून हे सगळे शब्द माझ्या टेबलापाशी येतात आणि मला ते आवडतातही. मूळ अरबीत 'लक्वा' म्हणजे फक्त चेहरा वाकडा होणे आणि 'फालिज' म्हणजे अर्धे अंग जाणे, असा फरक होता. आपल्याकडे येता येता तो पुसला गेला.

या सर्व शब्दांत एक गोष्ट सारखी आहे. अंगाचे काय झाले ते हे शब्द सांगतात, मेंदूत काय झाले ते सांगत नाहीत. साठी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण त्या वयात एकाएकी अर्धे अंग गेले तर बहुतेक वेळा दोष मेंदूच्या रक्तवाहिनीतच सापडतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला तोच शब्द लावला, की दोन उलट दिशांनी घोटाळा होतो. रक्तवाहिनीच बंद झालेली असते आणि घरचे-दारचे म्हणतात, 'या वयात कुठला लकवा? अशक्तपणा असेल', त्यात मोलाचे तास जातात. किंवा आजार मल्टिपल स्क्लेरोसिसचा असतो, त्याला लकवा म्हटले जाते, महिन्याभरात हात-पाय सुधारतो, सगळे देवाचे आभार मानून विसरतात, आणि मोलाची वर्षे जातात. या वार्षिकाचे पुष्कळ वाचक शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, म्हणून हा फरक जरा विस्ताराने सांगावासा वाटतो.

प्रथम प्रमाण ध्यानात घ्यावे. दोन्ही आजार किशोरवयात विरळा आहेत. मुलांमधील रक्त अडून होणाऱ्या स्ट्रोकचे प्रमाण वर्षाला लाखात एक-दोन असे सांगितले जाते. तितकेच किंवा त्याहून थोडे कमी रक्तस्रावाचे. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मुख्यतः वीस ते चाळीस वयाचा आजार; शंभर रुग्णांतील साधारण तीन ते पाच जणांना त्याचा पहिला तडाखा अठरा वर्षांच्या आत बसतो, आणि वयात आल्यानंतर त्यात मुलींची संख्या मुलांच्या दुप्पट-तिप्पट असते. तेव्हा मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या आल्या म्हणून कोणी घाबरून जाऊ नये.

आता आत काय घडते ते पाहू. स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एखाद्या भागाकडे जाणारी धमनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मेंदूकडे प्राणवायूचा साठा नसतो, त्यामुळे पुरवठा थांबला की काम त्या क्षणी थांबते आणि पेशी मरू लागतात. प्रौढांमध्ये मोठी धमनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रक्तवाहिनी शाबूत असते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनावर हल्ला करते. त्या जागी सूज येते, संदेश अडखळतो, कधी अडतो. ही सूज काही तासांत, बहुधा काही दिवसांत वाढत जाते, थोडे दिवस टिकते आणि आठवड्यांनी ओसरते. मागे व्रण राहतो. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला दिलेले फ्रेंच नाव या कठीण झालेल्या चकत्यांवरूनच होते. कार्सवेल आणि क्रूव्हेल्ये यांनी शवविच्छेदनात त्या चकत्या तीसेक वर्षे आधी पाहून त्यांची चित्रेही काढली होती. पण जिवंत माणसाची तक्रार आणि मृत मेंदूतली चकती यांची गाठ शार्को यांनी घातली.

यातून पहिला आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न निघतो : किती वाजता? स्ट्रोकच्या मुलाबद्दल विचारले तर बहुधा घड्याळातली वेळ मिळते. प्रार्थना चालू होती, दुसरे कडवे आले आणि हातातली वही पडली. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या मुलीला हाच प्रश्न विचारला तर उत्तर वारांनी येते. सोमवारी तळपाय बधिर वाटला, बुधवारी गुडघ्यापर्यंत चढले, शुक्रवारी चप्पल पायातून निसटली तरी कळले नाही. एकात क्षण आहे, दुसऱ्यात चढण आहे. बाकीच्या सगळ्या तपासण्या या एका प्रश्नाच्या मागून चालतात.

अर्थात 'कळले केव्हा' आणि 'झाले केव्हा' या दोन गोष्टी वेगळ्या. झोपेतून उठल्यावर हात हलेना, तर सकाळची वेळ धरू नये. रात्री शेवटचे धडधाकट कधी पाहिले ती वेळ धरावी. उलट, चार दिवस हळूहळू मंदावलेली नजर मुलीच्या लक्षात एकदम येऊ शकते, कारण सहज म्हणून चांगला डोळा झाकला तेव्हाच तिला ते समजले. ती म्हणते, 'काल अचानक दिसेनासे झाले', आणि तीही खोटे बोलत नसते. अर्धशिशीची चाल या दोन्हींच्या मधली आहे. तिच्यात नागमोडी चमकत्या रेषा किंवा मुंग्या बोटांपासून ओठांपर्यंत पाच, दहा, वीस मिनिटांत सरकत जातात आणि मागून डोके दुखते. फिट येऊन गेल्यावरही एक बाजू काही काळ लुळी राहते. त्यात भर म्हणजे मराठीत 'झटका' हा शब्द फिटलाही चालतो, हृदयविकारालाही आणि स्ट्रोकलाही. 'त्याला झटका आला' एवढेच कोणी फोनवर सांगितले, तर मला पुढचे पाच प्रश्न विचारावेच लागतात.

दुसरा प्रश्न जागेचा. धमनीचा इलाखा ठरलेला असतो. मेंदूच्या डाव्या बाजूची मुख्य धमनी बंद झाली तर उजवा चेहरा, उजवा हात, उजवा पाय आणि बहुतेकांची वाचा एकदम जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस असल्या सीमा पाळत नाही. त्याची आवडती ठिकाणे वेगळी आहेत. डोळ्यामागचा दृष्टितंतू हे त्यांतले प्रमुख. एक डोळा धूसर होतो, तो फिरवला की आत दुखते, आणि रंग विटतात, त्यातही लाल आधी. मी मुलांना लाल टोपणाचे पेन एकेका डोळ्याने पाहायला लावतो; आजारी डोळ्याला ते विटकरी किंवा गुलाबट दिसते. हा प्रयोग वर्गातही करता येईल, पण त्यावरून निदान करू नये, डॉक्टरकडे पाठवावे. दुसरे ठिकाण मज्जारज्जू. तिथे सूज आली तर एका बाजूऐवजी दोन्ही पाय जड होतात, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, लघवीची घाई होते किंवा ती होतच नाही. मान पुढे वाकवली की पाठीतून वीज उतरल्यासारखे होणे हेही तिथलेच. तिसरे ठिकाण मेंदूचे खोड आणि लहान मेंदू : एकाच्या दोन वस्तू दिसतात, तोल जातो, पेला तोंडाशी नेताना हात थरथरतो. पण इथे जपायला हवे. मेंदूच्या खोडाचा स्ट्रोकही असाच दिसतो, आणि खेळताना मानेला हिसका बसून मानेतली धमनी आतून उसवली तर तो धडधाकट मुलालाही होतो.

तपमानाबद्दल एक गोष्ट माळव्यात आणि विदर्भात विशेष लागू पडते. मायलिन गेलेला तंतू उष्णतेत आणखी मंद होतो. १८९० साली ऊटहोफ यांनी व्यायामानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती कमी होते हे नोंदवले. मे महिन्यात उन्हातून आलेली किंवा खेळाच्या तासानंतरची मुलगी 'फळा दिसत नाही' म्हणते, पंख्याखाली बसली की पुन्हा दिसू लागते. त्याला ढोंग समजले जाते. याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावेसे वाटते, कारण तेही ढोंगच वाटते. मोयामोया नावाच्या आजारात मेंदूच्या तळच्या धमन्या अरुंद होत जातात आणि भोवती बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. क्ष-किरण चित्रात ते धुराच्या झोतासारखे दिसते, म्हणून जपानी डॉक्टरांनी १९६९ साली हे नाव दिले. अशा मुलाने जोरजोरात श्वास घेतला, म्हणजे हुंदके देऊन रडले, बासरी वाजवली, फुंकर घातली, की मेंदूच्या वाहिन्या आणखी आकसतात आणि हात काही मिनिटे लुळा पडतो. 'रागावले की याचा हात गळतो' अशी तक्रार घेऊन एखादी आई आली, तर तिच्या मुलाचा एमआरआय मी पुढे ढकलत नाही.

तिसरा प्रश्न मागच्या इतिहासाचा, आणि तो विचारायला वेळ लागतो. अकरावीतली एक मुलगी माझ्याकडे 'डाव्या अंगाचा लकवा' अशी चिठ्ठी घेऊन आली. पाय चार दिवसांत जड झाला होता. रक्तदाब, साखर, हृदय सगळे ठीक. आधी कधी काही झाले होते का, याला आईवडिलांचे उत्तर 'काहीच नाही' असेच होते. मग डोळे, तोल, मुंग्या, लघवी असे एकेक करून विचारले तेव्हा मुलगी म्हणाली, की दहावीत असताना दिवाळीच्या आधी एक डोळा तीन आठवडे धूसर होता. नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलला. डोळा आपोआप सुधारला आणि श्रेय चष्म्याला मिळाले. आमच्या शास्त्रात असा त्रास किमान चोवीस तास टिकला, ताप वा संसर्ग नसताना आला, आणि आधीच्या त्रासापासून तीस दिवसांहून अधिक अंतर असले, तर तो स्वतंत्र तडाखा मोजतात. त्या हिशेबाने तिचा हा दुसरा होता. मॅकडोनाल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष २००१ साली ठरले आणि पुढे अनेकदा सुधारले, पण त्यांचा गाभा तोच आहे : मज्जासंस्थेत एकाहून अधिक जागी आणि एकाहून अधिक वेळी आघात झाल्याचा पुरावा. मराठीत त्याला मी स्थळभेद आणि कालभेद म्हणतो. चष्म्याचा तो जुना कागद कालभेदाचा पुरावा ठरला.

तपासण्यांविषयी थोडक्यात सांगतो. सीटी स्कॅन मेंदूतला रक्तस्राव लगेच दाखवतो, पण रक्त अडल्याचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत त्यात दिसतोच असे नाही. 'सीटी नॉर्मल आहे, घरी न्या' हे वाक्य म्हणून अपुरे आहे. एमआरआयच्या एका विशेष पद्धतीत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतात. मरू घातलेल्या पेशी फुगतात, त्यांच्यातली हालचाल खुंटते, आणि स्ट्रोकची जागा लवकरच उजळून दिसते. तिचा आकार धमनीच्या इलाख्याशी जुळतो. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग लंबगोल, मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला काटकोनात उभे, सालीलगत, खोडात, मज्जारज्जूत असे विखुरलेले असतात. त्यांतले काही ताजे, काही जुने. क्वचित अगदी ताजा डागही स्ट्रोकसारखा उजळतो, म्हणून चित्र कधी गोष्टीवाचून वाचू नये. पाठीतले पाणी काढून पाहिले तर त्यात प्रतिपिंडांचे विशिष्ट पट्टे सापडतात आणि निदानाला बळ मिळते. स्ट्रोक वाटत असेल तर डोक्याच्या व मानेच्या धमन्या, हृदयाची सोनोग्राफी, रक्त गोठण्याच्या तपासण्या. संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा, जन्मजात हृदयदोष, क्षयाचा मेंदूज्वर, आणि विदर्भ, नंदुरबार व लगतच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल, ही आपल्याकडे विसरू नयेत अशी कारणे आहेत. काही महिन्यांपूर्वी कांजिण्या आल्या होत्या का, हेही मी विचारतो. त्यांच्या विषाणूने मेंदूची धमनी सुजू शकते.

लकवा नाही म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, असे समीकरण मांडणे हा घोटाळ्याचा तिसरा प्रकार. मुलांमध्ये संसर्गानंतर मेंदूला एकदाच सर्वदूर सूज येणारा एक आजार आहे. त्यात मूल गुंगीत जाते, असंबद्ध बोलते, जे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सहसा होत नाही. दृष्टितंतू आणि मज्जारज्जू यांवर जोराचा हल्ला करणारे दोन आजार आता रक्तातील प्रतिपिंडांवरून वेगळे ओळखता येतात. त्यांतल्या पहिल्याचे प्रतिपिंड २००४ साली सापडले. हे वेगळेपण केवळ नावापुरते नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे त्या आजारात अपाय करतात. आणि कधी कोणत्याही तपासणीत व्रण सापडत नाही, मेंदू शाबूत असतो पण त्याचे कामकाज बिनसलेले असते. त्या मुलांनाही उपचार लागतो आणि तेही ढोंग नव्हे.

उपचारांच्या वाटा पुढे पुरत्या फुटतात. गुठळी विरघळवणारे औषध प्रौढांना साडेचार तासांच्या आत देतात. अठराच्या आतल्यांना ते किंवा नळीने गुठळी काढणे योग्य आहे का, हे तज्ज्ञ त्या त्या वेळी ठरवतात. पण ठरवायला मूल वेळेत पोचायला हवे. मग कारणानुसार पुढचे : सिकल सेलमध्ये रक्त बदलणे, मोयामोयात शस्त्रक्रिया, झडपांच्या रुग्णाला पेनिसिलिन. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या तडाख्यात तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड देतात. त्याने सूज लवकर उतरते, आजाराची दिशा मात्र बदलत नाही. ती बदलण्यासाठी वर्षानुवर्षे घ्यायची औषधे आहेत. त्यांतले पहिले १९९३ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि दहा वर्षांवरील मुलांसाठी खास चाचणी होऊन मान्यता मिळालेले पहिले औषध २०१८ साली आले. ती महाग आहेत. पण मुलांच्या बाबतीत थांबून पाहणे सर्वांत फसवे, कारण मुले प्रत्येक तडाख्यातून मोठ्यांपेक्षा चांगली सावरतात आणि त्यांना तडाखे मात्र अधिक वेळा येतात. बरे वाटण्याच्या काळात व्रण साठत जातात.

हा आजार का होतो, याचे पूर्ण उत्तर अजून नाही. २०२२ साली अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून दिसले, की एप्स्टाइन-बार या अगदी सामान्य विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. तो विषाणू जवळजवळ सर्वांनाच होतो आणि आजार फार थोड्यांना, हे कोडे शिल्लक आहे. आईवडिलांनी स्वतःला दोष द्यावा असे यात काही नाही, आणि 'लग्न कसे होणार' या पहिल्याच प्रश्नाला मी 'आधी परीक्षेचे बोलू' असे म्हणतो.

शाळेचे आणि परीक्षेचे बोलायचे तर दोन वेगवेगळ्या गतींनी वागावे लागते. चेहरा, हात किंवा वाचा एकाएकी गेली, चालताना एकदम कोलमडले, आयुष्यात पहिल्यांदाच भयंकर डोके दुखून उलट्या झाल्या, तर घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहावी आणि १०८ ला फोन करावा. मुलांच्या स्ट्रोकमध्ये फिट येणेही मोठ्यांपेक्षा अधिक दिसते. पाणी पाजू नये, कांदा हुंगवू नये, तेल चोळू नये. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. पालक येईपर्यंत आजारी खोलीत निजवून ठेवणे ही आपल्याकडची चांगुलपणाची पद्धत आहे, पण इथे ती नको. पाच मिनिटांत आपोआप बरे झाले तरी त्याच दिवशी दाखवावे. त्रास दिवसागणिक चढत असेल तर धावपळ नको, पण 'परीक्षेनंतर बघू' हेही नको. दोन-चार दिवसांत मज्जाविकार तज्ज्ञाकडे जावे.

निदान झाल्यावरचे काम लांबचे आहे. किशोरवयात हा आजार झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना स्मरण, एकाग्रता किंवा विचाराचा वेग यांत अडचण येते, आणि ती पायाच्या अशक्तपणासारखी दिसत नाही. हुशार मुलगी मागे पडू लागली की आळस हा शब्द चटकन सुचतो. शिवाय या आजारातला थकवा झोपेने जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट आहे. लेखनिक आणि दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ यांसाठी प्रमाणपत्र लागते; ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागायला आलेले पालक मी दरवर्षी पाहतो. सप्टेंबरात अर्ज केला तर धावाधाव टळते.

शिक्षकांकडून मला मिळणारी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे विद्यार्थ्याची वर्गपाठाची वही. तिच्यावर तारखा असतात. एका मुलाच्या गणिताच्या वहीत अकरा तारखेला अक्षर नेहमीचे होते, बारा-तेराला आकडे चौकटीबाहेर जाऊ लागले, चौदाला ओळ उजवीकडे कलली, सोळाला पान कोरे. घरचे 'अचानक' म्हणत होते. वहीने सांगितले, की पाच दिवस लागले. त्याच्या वर्गशिक्षिकेने ती वही स्वतःहून फाइलसोबत पाठवली होती, आणि वर एक ओळ लिहिली होती की याचे अक्षर असे कधीच नव्हते.